ओएलईडी की मिनी-एलईडी? आमच्या हॉलमध्ये दोन्ही तेवीस दिवस शेजारी होते

दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे २२ ऑक्टोबर २०२५ ला, नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या घरी एकाच टेम्पोतून दोन टीव्ही उतरले. दोन्ही ५५ इंची, दोन्ही फोर-के. मिनी-एलईडी, म्हणजे पडद्यामागच्या बारीक दिव्यांनी उजळणारा, आमचा, ६८ हजारांचा. ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो तो, धाकट्या दिरांचा, एक लाख चौदा हजारांचा. त्यांचा नवा फ्लॅट पाथर्डी फाट्याला आहे, पण रंगाऱ्यांचं काम रेंगाळलेलं, हॉलभर घोडे आणि पुट्टीच्या गोण्या. सप्टेंबरच्या २२ तारखेपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता, त्यात दिवाळीची सूट, त्यामुळे थांबायची कोणाचीच तयारी नव्हती. "वहिनी, पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवतो, भिंती वाळल्या की नेतो," भाऊजी म्हणाले. भिंती वाळायला तेवीस दिवस लागले.

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग प्रेसमध्ये बावीस वर्षं प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधीच्या तयारीला, आहे. द्राक्षांच्या निर्यातीच्या पेट्या, वाइनची लेबलं, चिवड्याची पाकिटं. मशीनवरून शीट आलं की ते सही झालेल्या नमुन्याशेजारी ठेवायचं आणि दोन्हींतला फरक शोधायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे ते दोन टीव्ही घरात नुसते खोक्यात पडून राहणं शक्यच नव्हतं. भाऊबीज उरकली आणि त्याच संध्याकाळी दोन्ही बाहेर काढले. एकेक टीव्ही चार फूट रुंद, आमचं जेवणाचं टेबल सहा फुटी. शेजारच्या काकूंचं टेबल आणून जोडलं, तेव्हा कुठे दोघे एका रांगेत उभे राहिले.

कंपन्यांची नावं मी मुद्दाम देत नाही. मॉडेलं दर वर्षी बदलतात आणि मी जे पाहिलं ते बरंचसं पॅनलच्या जातीचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. आवाजाबद्दलही लिहीत नाही. दोन्हींचा आवाज बातम्यांपुरता ठीक आहे, त्यापुढे वेगळा स्पीकर लागतोच.

आधी दुकानातलं सांगते, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. आम्ही कॉलेज रोडच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. छताला पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या रांगा, भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर तेच: पोपट, कापलेली डाळिंबं, मधाची संथ धार. तिथे मिनी-एलईडी असा काही झगमगत होता की त्याच्या शेजारचा ओएलईडी मलूल वाटला. ह्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "पन्नास हजार जास्त कशाचे?" मी सेल्समनला म्हटलं, जरा दोन्हींचा पिक्चर मोड एकसारखा करून दाखवा. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, हा दुकानाचा डेमो मोड आहे, आम्हाला बदलता येत नाही." म्हणजे उजेड कमाल, रंग भडक, पांढऱ्यात निळं भरलेलं. सगळेच टीव्ही त्या अवस्थेत.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या महिन्यात शिकवतात. दोन शीट शेजारी ठेवली की नवखा माणूस हमखास जास्त उजळ आणि जास्त निळसर पांढरं असलेलं शीट उचलतो. त्याला ते 'स्वच्छ' वाटतं. छपाई तीच, शाई तीच, फक्त कागद जास्त शुभ्र. म्हणून आम्ही आधी कागद एक करतो, दिवा एक करतो, मगच रंगाबद्दल तोंड उघडतो. टीव्हीचंही तेच आहे. उजेड आणि पांढरं जुळवल्याशिवाय दोन चित्रं शेजारी ठेवली तर डोळा चित्राची तुलना करतच नाही. जास्त प्रखर दिसेल त्याच्याकडे वळतो, बस. आणि दुकानात जो जिंकतो तो रात्री घरच्या एका दिव्यात डोळ्यांना बोचायला लागतो.

मग घरी आम्ही काय केलं? दोन्ही टीव्ही फिल्ममेकर मोडवर आणले. हा मोड २०१९ मध्ये आला, बऱ्याच कंपन्या देतात, आणि त्यात टीव्हीची स्वतःची लुडबुड बहुतेक बंद होते. नसेल तर सिनेमा किंवा मूव्ही मोड घ्यावा. वीजबचत बंद, खोलीतला उजेड बघून स्वतःच चमक बदलणारा सेन्सर बंद. पांढऱ्याची छटा 'वॉर्म'. चित्रीकरणाचं आणि प्रसारणाचं पांढरं साडेसहा हजार केल्विनला (केल्विन म्हणजे पांढऱ्याच्या छटेचं माप) बांधलेलं असतं आणि टीव्हीवर त्याच्या सगळ्यात जवळचं सेटिंग वॉर्मच असतं. प्रेसमधली आमची लाइट बूथ, म्हणजे रंग तपासायची दिव्याची पेटी, तर पाच हजारांची असते, म्हणजे अजून पिवळी. त्यामुळे मला वॉर्म अजिबात खटकला नाही. घरच्यांना खटकला. "टीव्हीला कावीळ झालीय," हे म्हणाले. मी म्हटलं तीन दिवस हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी मी न सांगता जुनं स्टँडर्ड सेटिंग लावलं, तर हेच म्हणाले की आज चेहरे ट्यूबलाइटखाली उभे केल्यासारखे का दिसतायत.

उजेड जुळवायला मोबाइलचा कॅमेरा वापरला. शटर आणि आयएसओ बांधून ठेवले, दोन्ही पडद्यांवर तोच राखाडी चौकोन लावला, फोटो काढून संगणकावर आकडे पाहिले, आणि मिनी-एलईडीचा उजेड खाली आणत आणत दोन्ही एका रेषेत आणले. अर्धा तास गेला. सेट-टॉप बॉक्स एकच, त्याला एमजी रोडवरून आणलेला तेच चित्र दोन्ही टीव्हींना वाटून देणारा सातशे रुपयांचा एचडीएमआय स्प्लिटर, दोन सारख्या वायरी. फोटोंसाठी दोन पेनड्राइव्ह, दोन्हींत त्याच फायली.

एवढं केल्यावर पहिली गोष्ट मी काय केली, तर प्रेसमधला माझा लूप, ते दहापट मोठं दाखवणारं भिंग, पडद्याला टेकवलं. प्रेसवाल्यांना हा मोह आवरणं कठीण आहे. मिनी-एलईडीवर लाल, हिरवा, निळा अशा तीन उभ्या पट्ट्या ओळीने दिसल्या. ओएलईडीवर चार: लाल, हिरवा, निळा आणि पांढरा. मी ते बघतच राहिले. आमच्याकडे छपाईत तीन रंगांना चौथा काळा जोडतात, कारण सायन (आकाशी निळा), मजेंटा (राणी रंग) आणि पिवळा एकत्र करून खरं काळं होत नाही, मळकट तपकिरी होतं. इथे तीन रंगांना चौथा पांढरा जोडलाय, कारण तिघांना मिळून पुरेसा उजेड देता येत नाही. कागदावर पांढरं फुकट मिळतं आणि काळ्याला शाई लागते. ह्या पडद्यावर काळं फुकट आहे आणि पांढऱ्याला वीज. मग पिवळा रंग लावून बघितला. लाल आणि हिरवे ठिपके पेटले, निळा विझला, आणि पिवळा ठिपका कुठेच नाही. दोन पावलं मागे आले की पडदा हळदीसारखा पिवळा. (ओएलईडीची दुसरी जात आहे, तिच्यात निळ्या उजेडापासून क्वांटम डॉटने, म्हणजे उजेडाचा रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म कणांनी, लाल आणि हिरवा काढतात, पांढरा ठिपका नसतो. भाऊजींचा त्या जातीचा नव्हता.)

खरा फरक लूपने दिसत नाही, तो पाठीमागे आहे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके, पिक्सेल. मिनी-एलईडी हा मुळात एलसीडीच. पुढे लिक्विड क्रिस्टलच्या झडपा, मागे बारीक दिव्यांची चादर, आणि ती चादर गटागटाने कमीजास्त होते. आमच्या टीव्हीचे साधारण पाचशे गट आहेत. म्हणजे एका गटाच्या वाट्याला साडेसोळा हजार पिक्सेल. त्यातल्या एका पिक्सेलला लख्ख उजेड हवा असेल आणि त्याच्या शेजाऱ्याला काळोख, तर मागचा दिवा कोणाचं ऐकणार? दिवा पेटतो, आणि काळोख हवा असलेल्या शेजाऱ्यांतून थोडा उजेड झिरपतोच.

हे मला सगळ्यात स्पष्ट दिसलं त्रिपुरी पौर्णिमेला. ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आम्ही रामकुंडावर गेलो होतो. पाण्यात सोडलेले दिवे मी मोबाइलवर टिपले आणि रात्री घरी येऊन पेनड्राइव्हवर टाकून दोन्हींवर लावले. हॉलचे दिवे बंद केले. ओएलईडीवर गोदावरीचं पाणी काळं होतं, आमच्या हॉलच्या काळोखात मिसळून गेलेलं, पडद्याची चौकट कुठे संपते ते कळत नव्हतं. त्या काळ्यात द्रोणातली एकेक ज्योत, आणि तिच्याखाली पाण्यात थरथरणारी तिची बारीक पिवळी रेघ. मिनी-एलईडीवर ज्योत तेवढीच तेजस्वी, किंबहुना किंचित जास्त. पण तिच्याभोवती धुरकट उजेडाचं वलय, आणि दिवा वाहत पुढे गेला की ते वलयही त्याच्यामागे सरकत जायचं. दहा-बारा दिवे एका जागी आले तिथे पाणी काळं राहिलंच नाही, करडं झालं. दिवसा मी हाच टीव्ही बघून खूश होते. त्या रात्री मला त्याच्याकडे बघवेना.

सासूबाई दोन्हींकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यात नदी आहे, त्यात नदीचा फोटो आहे." कुठला ते त्यांनी बोटाने दाखवलं, ओएलईडी.

त्यांच्याबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण ह्या सगळ्या तुलनेत मी तिथेच जास्त शिकले. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं, डावा अजून व्हायचाय. मी पडद्यावर राखाडी पट्टी, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या, लावून बसले होते तेव्हा त्या आपल्या एकेक डोळा झाकून बघत होत्या. म्हणाल्या, "उजव्याने पांढरं दिसतंय, डाव्याने त्यावर चहा सांडल्यासारखं." त्यांनी अगदी बरोबर पकडलं होतं. मोतीबिंदू पिकतो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा उजेड अडवतं. नवं भिंग तो आत येऊ देतं. म्हणजे मी कॅमेऱ्याने दोन टीव्ही अर्ध्या तासात एका रेषेत आणले, आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसाचे दोन डोळेच एका रेषेत नव्हते. तेव्हापासून कोणी मला "तुमच्या टीव्हीचे सेटिंग आकडे पाठवा" म्हटलं की मी आधी विचारते, घरात बघणारं कोण आहे.

रंगांची परीक्षा मी द्राक्षांच्या पेटीवर घेतली. ह्या पेटीचं हिरवं मला पाठ आहे. त्यात सायन जरा वाढला की द्राक्ष कच्चं दिसतं, मजेंटा शिरला की शिळं दिसतं. दर हंगामात त्यावरून मशीन थांबतं. तीच फाइल दोन्ही पडद्यांवर लावली आणि छापील पेटीचं झाकण हातात धरलं. कागद आणि पडदा कधीच तंतोतंत जुळत नाहीत, पण वॉर्म आणि फिल्ममेकरवर दोन्ही टीव्ही इतके जवळ आले की मला बरं वाटलं. मण्यांवरची ती पांढुरकी लव, जी आम्ही फार जपतो, दोन्हींवर टिकली. मिनी-एलईडीचं हिरवं रतीभर जास्त भरलेलं. भर उजेडात तर त्याचेच मणी जास्त टवटवीत. व्हिव्हिड, म्हणजे भडक रंगांचा मोड लावला मात्र, आणि दोन्हींवर ती लव गायब, मणी पोपटी प्लास्टिकचे. रंगाच्या बाबतीत म्हणूनच मी म्हणेन की दोन टीव्हींमध्ये जेवढा फरक होता त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक एकाच टीव्हीच्या दोन मोडांत होता. नवीन टीव्ही घ्यायला पैसे नसतील तर आज रात्री जुन्याचा मोड बदलून बघा.

राखाडी पट्टीत दोघांचेही दोष सापडले. माझी पट्टी एकवीस पायऱ्यांची. मिनी-एलईडीवर सगळ्या पायऱ्या सुट्या मोजता आल्या, पण सगळ्यात खालची, जी काळी हवी, ती अंधारात करडी उजळत होती. ओएलईडीवर काळं हे काळंच, पण त्याच्या लगतची पायरी त्यात बुडाली. पिंपावरचा काळा पत्रा आणि काळी सावली एक व्हावी तसं. सेटिंगमध्ये सावल्या एक घर उचलल्यावर ती सुटी झाली. पावसाळ्यात काढलेला अंजनेरीवरच्या धुक्याचा फोटोही लावला होता. धुक्यात राखाडीच्या पायऱ्या पडल्या तर लगेच पट्टे दिसतात. इथे दोघेही चांगले निघाले.

आता मॅच. २ नोव्हेंबरला, रविवारी, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, नवी मुंबईला, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. पावसामुळे खेळ उशिरा, संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत चालला. टीव्ही तपासायला ह्याहून चांगलं काही मागून मिळालं नसतं. एकच कार्यक्रम, आणि खोलीतला उजेड पश्चिमेच्या उन्हापासून मिट्ट काळोखापर्यंत बदलत गेलेला. भाऊजी, जाऊबाई, त्यांची मुलं, शेजारच्या काकू, ज्यांचं टेबल होतं, असे आम्ही अकरा जण.

पाच वाजता आमच्या बाल्कनीतून ऊन सरळ आत येतं. तेव्हा ओएलईडीच्या पडद्यावर बाल्कनीची जाळी, वाळत घातलेला टॉवेल आणि काकूंचा चष्मा एवढं सगळं दिसत होतं, आणि त्यामागे शेफाली वर्मा फलंदाजी करत होती. मिनी-एलईडीवर मी उजेड वर नेला आणि प्रतिबिंबं निम्मी झाली. भारताचा निळा जर्सी, हिरवळ, सगळं ठसठशीत. ओएलईडीची आणखी एक सवय तेव्हाच लक्षात आली. लहानसा भाग उजळ असेल तर तो अगदी लखलखीत दाखवतो, पण जाहिरातीत पूर्ण पडदा पांढरा झाला की वीज आणि उष्णता आवरायला स्वतःहून उजेड उतरवतो. पांढऱ्या पार्श्वभूमीच्या जाहिराती शेजारच्या टीव्हीपुढे कळकट कागदावर छापल्यासारख्या दिसत होत्या. सहापर्यंत अकराच्या अकरा जणांचं मत मिनी-एलईडीला.

सहाला दिवस मावळला, मी एकच पिवळा दिवा ठेवला, आणि सव्वासातपर्यंत खुर्च्या सरकायला लागल्या. कोणी ठरवून नाही. मुलं आधी सरकली. मग काकू म्हणाल्या की ह्या बाजूने चेंडू नीट कळतो. खरंच कळत होता. ओएलईडीचा पिक्सेल पेटायला-विझायला वेळच घेत नाही. आमच्या टीव्हीत झडपा हलायला किंचित वेळ लागतो, म्हणून गडद प्रेक्षकांसमोरून जाणाऱ्या पांढऱ्या चेंडूमागे बारीक सावलीची शेपटी. आणि कॅमेरा सीमारेषेकडे फिरला की आमच्या टीव्हीच्या हिरवळीवर दोन उभे मळकट पट्टे जागच्या जागी थांबलेले दिसायचे. गवत सरकतंय, पट्टे स्थिर. शाई सगळीकडे सारखी न लागलेल्या शीटसारखे. एकदा दिसले की मग दर षटकाला दिसतात. शतक करून खेळत असलेल्या लॉरा वोल्वार्डचा झेल घेताना अमनज्योतच्या हातातून चेंडू उडत राहिला आणि अखेर सापडला, ते संथ गतीतलं दृश्य आम्ही सगळ्यांनी ओएलईडीकडे बघूनच पाहिलं. ५२ धावांनी जिंकलो. काकूंनी टेबल परत न्यायचं विसरून पेढे आणले.

कोनाबद्दलही त्याच रात्री कळलं. आपल्या घरांत कोणी टीव्हीसमोर नाकासमोर सोफा मांडून बसत नाही. कोणी दिवाणावर, कोणी खाली सतरंजीवर, कोणी स्वयंपाकघराच्या दारात उभं. सासूबाईंचा दिवाण भिंतीच्या कोपऱ्यात आहे. तिथून मिनी-एलईडी बघितला तर चेहरे पिठूळ आणि काळं राखेसारखं दिसतं. आमचा एलसीडी व्हीए जातीचा, त्या पॅनलचा हा स्वभावच आहे: समोरून काळं छान, बाजूने विरतं. एलसीडीची दुसरी जात, आयपीएस, घेतली तर कोन सुधारतो पण काळं उथळ होतं. ओएलईडी दिवाणावरून जसा दिसतो तसाच मधल्या खुर्चीतून. दुकानात आपण सगळे टीव्ही समोर उभं राहूनच बघतो. दोन पावलं कोपऱ्यात जाऊन बघायचं एवढं तरी करा.

फोर-केबद्दल लोक फार विचारतात. आमच्या हॉलमध्ये दिवाण पडद्यापासून दहा फुटांवर आहे. ५५ इंची फोर-के पडद्याचा एक पिक्सेल तीन दशांश मिलिमीटरच्या आसपास. साधारण चार फुटांच्या पलीकडे चांगला डोळाही तो सुटा ओळखत नाही. दहा फुटांवर फुल एचडी आणि फोर-के वेगळं सांगणं अवघड. त्यात सेट-टॉप बॉक्सवरून बहुतेक वाहिन्या फोर-केमध्ये येतच नाहीत. दहा फुटांवरून जे दिसतं ते काळं किती काळं आणि चेहऱ्याचा रंग किती खरा.

आता ओएलईडीच्या ज्या गोष्टी विकत घेण्याआधी कोणी सांगत नाही त्या. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. पिक्सेल इतका चपळ असल्यामुळे कॅमेरा सावकाश बाजूला फिरला की ओएलईडीवर चित्र अडखळतं, झाडं उड्या मारत सरकतात. मिनी-एलईडीच्या आळशी झडपा तेच अडखळणं पुसून टाकतात. हालचाल गुळगुळीत करणारं मोशन सेटिंग अगदी खालच्या घरावर ठेवल्यावर मला ते सुसह्य झालं. जास्त वाढवलं तर सिनेमा मालिकेसारखा दिसतो, ते नको.

दुसरं म्हणजे डाग. एकच चिन्ह तासन् तास, महिनोन् महिने त्याच जागी राहिलं तर तिथले पिक्सेल इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि त्याची सावली कायमची उमटते. हे टाळायला टीव्ही स्वतः डागडुजी करतो: साधारण चार तासांचं बघणं झालं की पुढच्या वेळी रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये काही मिनिटं तो पिक्सेल तपासून सारखे करत बसतो. आणि आपल्याकडे काय करतात? झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतात. आमच्या सासूबाई चाळीस वर्षं करतायत, गॅसच्या कॉकबरोबरच. वीज तोडली की ती डागडुजी होतच नाही. मी त्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली आणि त्यांना कारण समजावून सांगितलं. त्यांनी एकदाच विचारलं, "म्हणजे रात्री तो स्वतःची मालिश करतो?" त्यानंतर एकदाही बटण बंद केलं नाही.

ह्या डागांवरूनच पुढचं सगळं ठरलं. भाऊजी घरून काम करतात आणि सकाळी नऊपासून बाजार बंद होईपर्यंत त्यांच्यासमोर शेअर बाजाराची वाहिनी चालू असते. खाली आकड्यांची पट्टी, कोपऱ्यात तांबडं चिन्ह, रोज सहा-साडेसहा तास. शिवाय त्यांच्या नव्या हॉलला पूर्वेला आठ फुटी काच आहे. आमच्याकडे दिवसभर घरात फक्त सासूबाई, त्या रेडिओ ऐकतात. टीव्ही लागतो रात्री साडेआठनंतर, दिवा एक. मी ८ नोव्हेंबरला भाऊजींच्या फ्लॅटवर सकाळी दहाला मुद्दाम जाऊन आले, ओल्या भिंतीसमोर उभी राहून उजेड बघितला, आणि संध्याकाळी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही चुकीचा टीव्ही घेतलात आणि आम्हीही." त्यांना पटायला दोन रात्री लागल्या. महाग वस्तू सोडून स्वस्त न्यायची हे कोणाच्याही मनाला लागतं, जाऊबाईंच्या तर फारच. शेवटी मी त्यांना सकाळी नऊ ते अकरा आमच्याकडे बसवलं, पडदे उघडे, दोन्हींवर बाजाराची वाहिनी. साडेअकराला जाऊबाईच म्हणाल्या की आम्ही हा नेतो.

वरचे सेहेचाळीस हजार आम्ही दिले, दोन हप्त्यांत. बिलं अदलाबदल करून दोन्ही फायलींत एकमेकांच्या झेरॉक्स ठेवल्या, कारण वॉरंटीला बिल आणि सिरीयल नंबर लागतो. १४ नोव्हेंबरला मिनी-एलईडी गेला. टेम्पोवाला गादीवर आडवा घालत होता, त्याला थांबवून उभाच न्यायला लावला. आडव्या पडद्यावर मधोमध ताण येतो.

त्यांच्याकडे तो आता सकाळी स्टँडर्ड आणि रात्री सिनेमा मोडवर चालतो, भाऊजी खूश आहेत. आमच्याकडे ओएलईडी वॉर्मवरच आहे, पण सासूबाईंच्या डाव्या डोळ्यासाठी मी तो एक घर थंड बाजूला ठेवलाय. जानेवारीत त्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. द्राक्षांच्या पेटीची फाइल आणि राखाडी पट्टी पेनड्राइव्हवर तशीच ठेवली आहे. डॉक्टरांनी डोळ्यावरची पट्टी काढली की दोघी बसून पुन्हा बघणार आहोत.